दारावरचं डस्टर

प्रश्न १. शाळेचं नाव, पत्ता, विद्यार्थीसंख्या.

हे मुख्याध्यापकांनी आधीच भरून ठेवलं होतं, सुवाच्य अक्षरात, पट्टीने ओढल्यासारख्या सरळ ओळीत. तपासनिसाने पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

त्याची पद्धत ठरलेली होती. दिवसभर कागदावर पेन्सिलीनं गुण टाकायचे. तीन वाजले की एकेक गुण कार्यालयाने दिलेल्या टॅबमध्ये चढवायचा. चारच्या आत 'सादर करा' दाबायचं आणि चार-दहाची बस पकडायची. तपासनीस होण्याआधी बावीस वर्षं तो गणित शिकवत होता. पेन्सिलीचा उत्तराशी जेवढा संबंध असतो तेवढा बोटाचा नसतो, असं त्याचं मत होतं, आणि ते त्याने कोणी न विचारताही तीस शाळांमध्ये सांगितलं होतं. ही एकतिसावी.

'माध्यमिक शाळेतील तंत्रज्ञानाचा वापर व साहाय्य : मूल्यमापन'. चाळीस प्रश्न. प्रत्येकाला एक ते पाच गुण. पूर्वी अर्धे गुणही देता येत, तेव्हा हा गडी कोणालाही अडीचच्या वर जाऊ देत नसे. फॉर्ममधून अर्धे गुण गेले, पण त्याचं नाव पडलं ते पडलंच. शाळाशाळांतून त्याला 'अडीच' म्हणत. त्याच्या तोंडावर 'साहेब' म्हणत, एवढंच.

प्रश्न ३. संगणक किती? पैकी चालू किती?

तीस. चालू एकोणतीस. तपासनिसाने एकूण एक चालू करून पाहिला. त्याला कोणाच्या सांगण्यावर विसंबून राहायची सवय नव्हती. एकोणतीस पडदे उजळले. तिसावा कोपऱ्यात पोट उघडं टाकून पडला होता.

"आणि हा?"

"त्याने देहदान केलंय," बाजूला उभी असलेली बाई म्हणाली. "त्याच्या पोटातलं सामान बाकीच्यांपैकी सहाजणांत आहे."

ती शाळेची वायरमावशी. हे नाव मुलांनी ठेवलं, मग शिक्षकांनी उचललं, आणि आता मुख्याध्यापकही कार्यालयात कोणी नसलं की तेच वापरत. वय पंचेचाळीसच्या पुढचं. निळ्या ॲप्रनच्या खिशात टेस्टर, चिकटपट्टी आणि दोन दात पडलेला कंगवा. कंगवा कीबोर्ड झाडायला. अठरा वर्षांपूर्वी तिला घंटा द्यायला आणि वर्ग उघडायला घेतलं होतं. कंपनीचे लोक दुरुस्तीला यायचे तेव्हा ती शिडी धरायची. शिडी धरता धरता बघत गेली, नंतर सुट्ट्यांत जाऊन परीक्षा देऊन आली. आता कागदावर तिचं पद होतं 'तंत्रसहायक, हंगामी'.

हंगाम संपत आला होता. मुख्याध्यापकांनी जिन्यातच तपासनिसाच्या कानावर घातलं होतं, "कार्यालयाचं पत्र आलंय साहेब. चौदाव्या प्रश्नाला तीन गुण मिळाले तर पद राहील. तीनच्या खाली आले तर रद्द."

"आणि बाई?"

"घंटेवर परत घेतलं असतं हो. पण घंटा आता आपली आपण वाजते." मुख्याध्यापक थांबले. "ती तिनेच बसवली."

प्रश्न ८. प्रत्यक्ष अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर होतो का?

नववीच्या वर्गात जीवशास्त्राच्या बाई हृदय शिकवत होत्या. भिंतीवर हृदय होतं आणि ते जांभळं होतं. प्रोजेक्टरला वय झालं की तो असे रंग दाखवतो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात न पुसण्याच्या बोलीने लिहिलं होतं : *हृदय लाल असतं. जांभळं प्रोजेक्टरचं.*

"मागच्या वर्षी सत्तेचाळीस मुलांनी जांभळं काढलं होतं," बाईंनी तपासनिसाला हळूच सांगितलं. "म्हणून मावशीने पाटी लिहिली."

तो शेवटच्या बाकावर बसला. गुडघे बाकात मावेनात. दहाएक मिनिटांनी भिंतीवरचं हृदय थरथरलं आणि गेलं. काळोखी चौकट राहिली.

बाई बोलायच्या थांबल्या नाहीत. डाव्या झडपेबद्दल बोलता बोलता त्यांनी खिळ्यावरचं डस्टर काढलं, दार उघडलं, डस्टरच्या दोरीचं वेटोळं बाहेरच्या कडीत अडकवलं, दार लोटलं आणि खडू घेऊन फळ्यावर झडप काढायला लागल्या. मुलांनी वह्यांतून मान वर केली नाही.

तपासनिसाने घड्याळ पाहिलं. मोजणं हा त्याचा स्वभाव होता, त्यात आशा-निराशा काही नव्हतं. चौथ्या मिनिटाला दार उघडलं. वायरमावशी आत आली, कोणाला काही न विचारता पहिल्या बाकावर चढली, वायरीचं तोंड उपसून फुंकर मारून पुन्हा बसवलं. हृदय आलं. जांभळंच. ती उतरली, डस्टर आत आणून खिळ्याला लावलं आणि गेली.

वर्ग सुटल्यावर त्याने विचारलं, "हे डस्टरचं काय?"

"बिघडलं की दाराला लावायचं. मावशी व्हरांड्यातून येता-जाता बघते. हाक मारायची नाही, कोणाला पाठवायचं नाही."

"आणि ती नसेल जवळपास तर?"

बाईंना प्रश्नच कळला नाही. "ती नसेल म्हणजे?"

त्याने प्रश्न आठसमोर पेन्सिलीनं चार लिहिले. मग आकड्याकडे जरा वेळ पाहत राहिला. हा आकडा काढताना त्याची पेन्सिल अडखळली होती. बऱ्याच दिवसांत काढला नव्हता.

प्रश्न १४. साहाय्य. (अ) वर्षभरात नोंदवलेल्या तक्रारी. (आ) तक्रार ते दुरुस्ती, एकूण मिनिटं (सरासरी फॉर्म काढेल). पुरावा : तक्रार वही.

या प्रश्नाला गुण तपासनिसाने द्यायचे नसत. त्याने आकडे टाकायचे, गुण फॉर्म स्वतः काढणार.

मुख्याध्यापकांनी कपाटातून वही काढली, रुमालाने पुसली आणि टेबलावर अशी ठेवली की जणू दुसऱ्याच कोणाची आहे. छापील रकाने सात. अनुक्रमांक, तारीख, वेळ, बिघाड, जबाबदार, दुरुस्तीची वेळ, सही.

पहिल्या पानावर अकरा नोंदी होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या, एकाच महिन्यातल्या. मग कोरं. तपासनिसाने शेवटपर्यंत पानं उलटली. कोरं, कोरं, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ, कोरं.

"यंदाची वही?"

"हीच."

"तीन वर्षांत काही बिघडलंच नाही?"

"रोज बिघडतं साहेब! आजच तुम्ही पाहिलंत."

"मी पाहिलं ते वहीत नाही."

मुख्याध्यापकांनी खुर्ची पुढे ओढली. "पाचवा रकाना बघा. जबाबदार. आता प्रोजेक्टर बंद पडला तर तिथं कोणाचं नाव घालणार? पहिल्या महिन्यात अकरा वेळा बिघाड झाला, अकराही वेळा मावशीचं नाव गेलं. दुरुस्त करणारी ती, म्हणून जबाबदार ती. आणि तेव्हाच्या मुख्याध्यापकांचा नियम होता, महिन्यात एका नावावर तीन नोंदी झाल्या की मेमो. तिला मेमो मिळाला."

"मग?"

"मग कोणी लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवसापासून डस्टर सुरू. कोणी ठरवलं नाही, बैठक नाही, काही नाही. मी आलो तेव्हा चालूच होतं." ते ओशाळे झाले. "मला वाटलं, चांगलं चाललंय."

तपासनिसाने पेन्सिल कानामागे खोचली. चांगलं चाललं होतं यात शंका नव्हती. वही कोरी होती यातही नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर होत्या आणि फॉर्मला त्यातली एकच दिसत होती.

प्रश्न २२. शिक्षकांना वर्षातून किती वेळा प्रशिक्षण दिले जाते?

हे विचारायला तो मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत गेला. आत पाच शिक्षक एका टेबलाभोवती मान खाली घालून लिहीत बसले होते. परीक्षा चालू असावी अशी शांतता.

"रविवार येऊ देऊ नका हं," कोणीतरी म्हणालं. "बारा तारखेला रविवार होता."

"माऊस तीन वेळा झाला. आता दुसरं काहीतरी लिहा."

"दुरुस्तीची वेळ सगळीकडे पाच नको. सात, आठ, एखादं चौदा असं असू दे. खरं वाटलं पाहिजे."

मग त्यांना तो दिसला. पाचही पेनं थांबली. पाचही पेनं वेगवेगळ्या रंगांची होती, एक हिरवंही होतं.

"कच्चं लिहून घेत होतो," गणिताचे सर म्हणाले. आपल्याच विषयातला माणूस म्हणून तपासनिसाला त्यांची विशेष लाज वाटली.

"यातली एक ओळ जरी वहीत गेली," तो म्हणाला, "तर चौदावा प्रश्न राहू द्या, सगळ्या फॉर्मला मला शून्य द्यावं लागेल. नियम आहे."

कागद गोळा झाले. फक्त इतिहासाच्या बाईंनी आपला सोडला नाही. त्यांनी तो उलटा करून वर हात ठेवला.

"साहेब, मी मावशीची नणंद," त्या म्हणाल्या. "सख्खी. घरी आमचं एका वाक्यावर पटत नाही. ती म्हणते आमटी खारट, मी म्हणते जीभ तुझी खारट. माझा भाऊ पाठीच्या ऑपरेशनपासून घरात आहे, तो दोन्हीकडून ऐकतो आणि पंखा बघत बसतो. अशी मी. तीन वर्षांत माझा संगणक शंभर वेळा बंद पडला असेल. मी तिच्या नावावर एक ओळ लिहिली नाही. नणंदेनं लिहिलं नाही, याहून मोठा पुरावा कुठल्या कार्यालयाला हवाय?"

कोणीतरी हसलं. तपासनीसही हसला असता.

"फॉर्ममध्ये नणंदेचा रकाना नाही, बाई," तो म्हणाला.

"मग फॉर्मच करंटा आहे."

त्याने प्रशिक्षणाचं विचारलं. वर्षातून दोनदा, मावशीच देते. त्याने तीन लिहिले.

प्रश्न १४. (पुन्हा)

तीन वाजता शिक्षकखोली रिकामी झाली. तपासनिसाने टॅब उघडला आणि पेन्सिलीचे गुण चढवायला घेतले. तेरापर्यंत काही अडलं नाही. चौदा (अ)ला त्याने वहीत होतं तेच टाकलं : शून्य. (आ)मध्येही शून्य. 'पुढे' दाबलं.

पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरत राहिला. तपासनिसाने पुन्हा दाबलं, जोरात दाबलं, टॅब आडवा केला, उभा केला. गोल फिरतच होता.

त्याने कार्यालयाच्या मदतक्रमांकावर फोन लावला. एक गोड आवाज म्हणाला, आपण रांगेत सव्विसावे आहात. पाच मिनिटांनी म्हणाला, आपण रांगेत सत्ताविसावे आहात.

तीन वाजून एकोणीस मिनिटं. चार-दहानंतरची बस सात वाजता होती. त्याने खोलीत नजर फिरवली. दाराजवळ खिळ्याला डस्टर होतं, दोरीचं वेटोळं लावलेलं.

त्याच्या मनात काही आलं होतं असं म्हणणं खोटं ठरेल. बस चुकत होती, एवढंच. तो उठला, डस्टर काढलं, बाहेरच्या कडीला अडकवलं आणि जागेवर येऊन बसला. हाताला खडूची भुकटी लागली होती. ती त्याने बावीस वर्षांच्या सवयीने पँटला पुसली.

वायरमावशी आली. दारातच डस्टरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तुम्ही लावलंत?"

"अडकलाय."

तिने टॅब हातात घेतला. पडद्यावर चौदावा प्रश्न होता. तो तिने वाचला. तपासनिसाला तिच्या चेहऱ्याकडे बघायचं नव्हतं, म्हणून तो खिडकीबाहेरच्या सायकली मोजू लागला. चौतीस.

"शून्य टाकलंय तुम्ही," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, जसं प्रोजेक्टरची वायर सैल आहे म्हणावं तसं. "सरासरी काढायला हा मिनिटांना तक्रारींनी भागतो. शून्याने भागायला लावल्यावर बिचारा काय करणार? फिरतोय बसून."

तपासनिसातल्या गणिताच्या मास्तराचे कान लाल झाले.

ती खुर्ची ओढून बसली. आधीच्या तेरा प्रश्नांची उत्तरं पुसली जाऊ नयेत म्हणून ती बाजूला जपून ठेवली, फॉर्म बंद केला, टॅब बंद केला, दहापर्यंत आकडे म्हटले, पुन्हा चालू केला. तेराही उत्तरं जागेवर होती. चौदावा कोरा.

"घ्या. आता काय टाकणार?"

"वहीत आहे ते."

"वहीत काही नाही."

"माहीत आहे."

ती ॲप्रनचा खिसा चाचपून म्हणाली, "मग पुन्हा अडकेल. मी दारातच थांबते. सारखं डस्टर कशाला लावायचं?"

आणि खरंच दारात जाऊन उभी राहिली, पाठ करून, व्हरांड्यातल्या बाकीच्या कड्यांवर नजर ठेवत.

तपासनिसाने बोट उचललं. खाली ठेवलं. मग पिशवीतून नियमपुस्तिका काढली. त्याच्याकडचं सगळ्यांत जुनं हत्यार तेच होतं. पान एकतीस : *तक्रार वहीत नोंद करण्याचा अधिकार शाळेच्या आवारात यंत्रणा वापरणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस राहील.* तो ओळीवर पेन्सिल ठेवून एकेक शब्द सुटा वाचत गेला. आवार शाळेचं होतं. टॅब यंत्रणा होती. आणि तो व्यक्ती होता, याबद्दल कार्यालयाने आजवर कधी हरकत घेतली नव्हती.

"मावशी," तो म्हणाला, "मुख्याध्यापकांकडून वही आणा."

वहीबरोबर मुख्याध्यापकही आले, आणि तास नसल्यामुळे इतिहासाच्या बाईही. तपासनिसाने पेन्सिल ठेवली आणि खिशातलं पेन काढलं. नोंद क्रमांक बारा. आजची तारीख. वेळ तीन एकोणीस. बिघाड : *तपासनिसाचा टॅब प्रश्न चौदावर अडकला.*

पाचव्या रकान्याशी पेन थांबलं.

"तिथं वहिनीचं नाव घालू नका हो," नणंद मागून म्हणाली. तिला स्वतःलाही ऐकू येऊ नये इतक्या हळू.

त्याने लिहिलं : *तपासनीस. शून्याने भागले.*

दुरुस्तीची वेळ म्हणून तो तीन तीस लिहायला लागला तशी वायरमावशी वाकून बघू लागली.

"अकरा मिनिटं नाही लागली. नऊ."

"मी घड्याळ बघत होतो."

"दोन मिनिटं मी तो प्रश्न वाचत होते. ती दुरुस्तीत धरू नका."

"डस्टर लावल्यापासून धरायचं असतं."

"मग अकरा घाला," ती म्हणाली. "खरं ते घाला."

तिने शेवटच्या रकान्यात सही केली. मेमोच्या महिन्यानंतरची पहिली. सही बदलली होती. वरच्या अकरा सह्यांत मारलेला फराटा आता नव्हता.

प्रश्न १४. (शेवटचं)

(अ) एक. (आ) अकरा.

फॉर्म क्षणभर थबकला. मग त्याने गुण काढले. नोंदींची संख्या अत्यल्प : एक गुण. दुरुस्तीचा वेग उत्कृष्ट : पाच गुण. एकत्रित : तीन.

तपासनिसाने कागदावर गणित करून पाहिलं. एक अधिक पाच, भागिले दोन. तीनच.

"म्हणजे अडीच..." मुख्याध्यापकांच्या तोंडून निघालं आणि ते खोकायला लागले.

"फॉर्म अर्धे गुण घेत नाही," तपासनीस म्हणाला. "घेत असता तरी तीनच आले असते."

वायरमावशीने टेबलावर सांडलेली खडूची भुकटी हाताने गोळा केली आणि खिडकीबाहेर टाकली. मग कंगवा काढला, जवळच्या कीबोर्डावर वाकली आणि एकच ओळ बराच वेळ झाडत राहिली.

पुढचे सव्वीस प्रश्न अडले नाहीत.

प्रश्न ४०. अन्य सूचना. (पन्नास शब्दांत)

*तक्रार वहीतला पाचवा रकाना सर्व शाळांतून काढून टाकावा.*

शब्द बरेच उरले होते. त्याने ते तसेच सोडले आणि 'सादर करा' दाबलं. तीन वाजून छप्पन्न मिनिटं.

व्हरांड्यातून बाहेर पडताना त्याला नववीच्या दाराला डस्टर दिसलं. वायरमावशी ॲप्रन सावरत तिकडे निघालीच होती. मागून इतिहासाच्या बाई वही काखेत मारून जवळजवळ धावत येत होत्या.

"वहिनी, थांब! हात लावू नकोस. आधी वेळ लिहू दे."

"लिही की मग, मी उभी आहे तोवर."

"तीन सत्तावन्न." बाईंनी वही भिंतीला टेकवली. "बिघाड काय?"

"अगं, आत जाऊ दिलंस तर सांगेन ना."

"बरं. आणि जबाबदार?"

वायरमावशीने दार ढकललं. आत काळोखी चौकट होती आणि खडूने काढलेलं अर्धं हृदय.

"ते तुमच्या साहेबांना विचार," ती म्हणाली. "अजून फाटकापर्यंत पोचले नसतील."

तपासनीस पोचला होता. ऐकू आलं नाही असं दाखवून तो फाटकाबाहेर पडला. पाठीमागे घंटा आपली आपण वाजली.